वैलावरची वाफ

मातीच्या चुलीला वैल असे. मुख्य चुलीवर भाकरी भाजली जाई आणि चुलीच्या पोटातून आडव्या भोकावाटे जो जाळ शेजारी सरके, त्यावर आमटीचे पातेले किंवा दुधाचे भांडे मंद तापत राही. वैलासाठी निराळे सरपण कोणी घालत नसे. पण वैलावर काय चढवायचे आणि काय नाही, हे घरातल्या बाईला पक्के ठाऊक असे. दूध चढे, आमटी चढे, पाण्याचा तांब्या चढे. तवा चढत नसे. तिथे ऊब भरपूर होती, पण भाकरी फुगवील अशी आच नव्हती.

आपल्या कारखान्यांच्या मागच्या बाजूला असे वैल रात्रंदिवस पेटलेले असतात. कापड रंगवून झाल्यावर जेट मशीनमधून नाल्यात सोडलेले ८० अंशांचे पाणी, कॉम्प्रेसरच्या कूलरमधून बाहेर पडणारी ऊब, चिमणीतून जाणारा धूर, कूलिंग टॉवरवरून उडणारा पांढरा फवारा. ही ऊब नुसती वाया जात नाही. ती घालवण्यासाठी पंप चालतात, पंखे फिरतात, विजेचे बिल येते. आणि त्याच आवारात, शंभर पावलांवर, बॉयलरच्या तोंडात कोळसा किंवा ब्रिकेट पडत असतात, कारण पलीकडच्या खात्याला स्टीम हवी असते.

या वैलावर तवा चढवता येईल का, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे. ८० अंशांच्या पाण्यातून, एक काडीही न जाळता, १२० अंशांची वाफ काढता येईल का? येते. सगळ्या उबेची नाही, तिच्यातल्या एका हिश्श्याची. तो हिस्सा केवढा आणि त्यासाठी काय मोजावे लागते, याचा हिशेब पुढच्या प्रकरणांत आहे. प्रस्तावनेत मला त्यामागची कल्पना नीट उभी करायची आहे, कारण ती एकदा डोक्यात बसली की बाकीची गणिते सोपी जातात.

पहिली गाठ उष्णता आणि आच यांच्या घोटाळ्याची. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी एक बंद पडलेली यंत्रणा पाहिली होती. ती विकत घेताना माहितीपत्रकात ‘रोज इतके लाख किलोकॅलरी फुकट’ असा हिशेब दिलेला होता आणि तो आकडा खोटा नव्हता. मात्र ती उष्णता किती अंशांवर मिळणार हे कोणी विचारले नाही. मिळाली ती ५५ अंशांवर. कारखान्याला हवी होती वाफ. दोन पावसाळ्यांत पाइपांना गंज चढला. पाण्याच्या टाकीचे पाहावे तसे उष्णतेचे पाहिले पाहिजे: पाणी किती आहे हे एक आणि ते कोणत्या उंचीवर आहे हे दुसरे. विहिरीच्या तळाशी कितीही पाणी असले तरी ते आपण होऊन मळ्यात येत नाही.

वाफेच्या बाबतीत ही उंची फार महाग पडते. ३० अंशांचे एक किलो पाणी १०० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे २९३ किलोज्यूल लागतात. तेच पाणी १०० अंशांवर ठेवून त्याची वाफ करायला आणखी २,२५७ किलोज्यूल, म्हणजे जवळपास पावणेआठ पट. शाळेत आपण याला बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा म्हणून शिकलो. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या आसपास तो ओळखला. कारखान्यांना वाफ प्रिय आहे ती याच साठ्यामुळे: पाइपमधून ती हलकी होऊन धावते आणि जिथे थंड होते तिथे हा सगळा ऐवज एकदम सोडते. ८० अंशांचे पाणी निर्वातात उकळवता येते, पण त्या वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी असतो. तिला दाबून वर आणायचे तर कॉम्प्रेसर हवा आणि कॉम्प्रेसरला वीज हवी. तोही मार्ग आहे आणि चांगला आहे; या पुस्तकात त्याच्यावर एक प्रकरण आहे. पण वीज न मोजता वर चढण्याचा जो मार्ग आहे, त्याच्यावर माझा जीव आहे.

त्या मार्गाची पहिली ओळख मला लहानपणी झाली, अर्थात तेव्हा नाव माहीत नव्हते. दिवाळीआधी घराला चुना काढायचा असे. अंगणात पत्र्याच्या डब्यात कळीचा चुना टाकून वरून पाणी ओतले जाई. दोन-तीन मिनिटे काही होत नसे. मग आतून एखादा खडा तडकल्याचा आवाज येई, पांढरी कळी फुलून फुटू लागे आणि बघता बघता डबा खदखदायला लागे. वाफेचे लोट उठत. ‘लांब व्हा, डोळ्यांत उडेल’ असे आजी ओरडे. खाली जाळ नाही, धूर नाही, आणि पाणी उकळते आहे! उष्णता कुठून आली? भट्टीतून आली. चुनखडी भट्टीत भाजली तेव्हा तिच्यात जी आच खर्ची पडली होती, तिचाच काही भाग पाणी भेटताच बाहेर पडला.

यात एक मोठी सोय दडलेली आहे. कोरडा पदार्थ पाण्याला आसुसलेला असतो. पाणी भेटले की तो तापतो. पुन्हा तापवून त्याच्यातले पाणी हाकलले की तो पुन्हा आसुसतो. म्हणजे कोरडेपणा साठवून ठेवता येतो आणि हव्या त्या वेळी त्याची आच करून घेता येते. अडचण एवढीच की भिजलेल्या चुन्यातले पाणी हाकलायला ५०० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. आपल्याजवळ आहे ८०, फार तर १३० अंशांची. चुन्याइतका हट्टी नसलेला, पाणी घट्ट धरणारा पण थोड्या उबेतही सोडणारा पदार्थ आपल्याला हवा.

तो पदार्थ झिओलाइट. नाव स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ अ‍ॅक्सेल क्रॉनस्टेट यांनी १७५६ मध्ये दिले. फुंकनळीच्या ज्योतीत धरलेला एक खनिजाचा तुकडा फेसाळून उकळल्यासारखा दिसला, म्हणून ग्रीक भाषेतून ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचा शब्द त्यांनी घडवला. त्या दगडांचे जगातले सर्वांत देखणे नमुने आपल्या पायाखाली आहेत. दख्खनच्या काळ्या कातळात लाव्हारस थंड होताना जी पोकळी राहिली, तिच्यात स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट यांचे स्फटिक वाढले. एकोणिसाव्या शतकात बोरघाटातून रेल्वे नेताना सुरुंगांनी त्या पोकळ्या उघड्या पाडल्या आणि पुण्याकडचे झिओलाइट युरोपच्या संग्रहालयांत पोचले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते आजही डोळे भरून पाहता येतात. खाणीवरचा माणूस या सगळ्यालाच गारगोटी म्हणतो. मला मात्र सिन्नरला गेल्यावर काचेआडच्या त्या गुलाबी पंख्यांकडे पाहताना नेहमी वाटते की यांच्या अंगात पाणी आहे आणि ते सोडायला हे तयार आहेत, हे शेजारच्या पाटीवर लिहायला हवे.

यंत्रात हे नैसर्गिक स्फटिक वापरत नाहीत. त्यांची दारे अरुंद असतात आणि पाणी कमी मावते. अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कंपनीत रॉबर्ट मिल्टन यांनी १९४० च्या दशकाअखेरीस कृत्रिम झिओलाइट बनवण्याची वाट घालून दिली. त्याच घराण्यातला ‘१३एक्स’ आपल्या कामाचा. बाजरीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंतच्या आकाराच्या फिक्या, मातकट गोळ्यांत तो मिळतो. आतून तो पोकळ्यांचा वाडा आहे: एका खोलीतून दुसरीत जाणारी दारे नॅनोमीटरहूनही लहान, आणि एका ग्रॅमच्या आतल्या भिंती पसरल्या तर कबड्डीची चार-पाच मैदाने झाकतील. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत जिल्ह्याजिल्ह्यांच्या रुग्णालयांत जे पीएसए ऑक्सिजन प्रकल्प उभे राहिले, त्यांच्या उंच टाक्यांत झिओलाइटच भरलेला होता. तिथे तो हवेतला नायट्रोजन धरून ठेवत होता. पाण्यावर त्याचा जीव त्याहून कितीतरी जास्त.

या धरून ठेवण्याला पृष्ठशोषण म्हणतात. मराठीत अधिशोषण हाही शब्द आहे. मी पहिला घेतला, कारण घटना कुठे घडते ते त्याच्या नावातच आहे. गुलाबजामात पाक मुरतो ते शोषण. थंड तांब्याच्या अंगावर दव धरते तसे भिंतीवरच चिकटून राहणे हे पृष्ठशोषण. वाफेचा रेणू मोकळा हिंडत असतो. भिंतीला चिकटला की त्याचे हिंडणे थांबते आणि त्याची उष्णता बाहेर पडते. माठात याच्या उलट होते. माठातून पाणी निसटते आणि जाताना ऊब घेऊन जाते, म्हणून माठ गार. झिओलाइटवर पाणी येते आणि येताना ऊब आणते, म्हणून तो गरम. एक किलो वाफ १३एक्सवर बसली की सरासरी ३,४०० किलोज्यूलच्या घरात उष्णता सुटते. नुसत्या द्रवीभवनाने मिळाली असती त्याहून ही हजार-अकराशे किलोज्यूलने जास्त आहे. हा वरकड भाग म्हणजे आपली सगळी पुंजी.

शक्य असेल त्या वाचकाने हे एकदा हाताने करून पाहावे. वाटीभर गोळ्या प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये २५० अंशांवर तीन तास सुकवून घट्ट झाकणाच्या बरणीत गार करायच्या. मग स्टीलच्या वाटीत काढून वरून दोन-तीन चमचे पाणी घालायचे. पाणी पडताच सळसळ होते, गोळ्यांतून हवेचे बुडबुडे सुटतात, वाफ उठते आणि वाटी हातात धरवत नाही. सांडशी जवळ ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा. विद्यार्थ्यांना मी आधी हे दाखवतो आणि मगच फळ्यावर समीकरण लिहितो.

यंत्राची रचना दोन तऱ्हांनी होते. जुनी तऱ्हा बंद भांड्यांची. झिओलाइट पाइपांभोवती भरतात आणि भांड्यातली हवा काढून टाकतात. वाया जाणाऱ्या उबेने आधी झिओलाइट सुकवायचा; त्यातून सुटलेली वाफ बाजूच्या थंड कंडेन्सरमध्ये निववून तिचे पाणी करायचे. मग तीच ऊब पाण्याला देऊन निर्वातात वाफ काढायची आणि ती कोरड्या झिओलाइटकडे सोडायची. तो तापतो, उबेहून कितीतरी वर जातो, आणि पाइपमधल्या दुसऱ्या पाण्याची वाफ करतो. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात गोळी गोळीला एका टिंबाएवढ्या जागी टेकते आणि उष्णता त्या टिंबांतून रांगत पाइपपर्यंत येते. शिवाय दर फेरीला पाइपांचे लोखंडही तापवायचे आणि निववायचे.

दुसरी तऱ्हा जपानमधल्या क्युशू विद्यापीठाच्या रासायनिक अभियंत्यांनी मांडली आणि ती मला फार धीट वाटते. त्यांनी मधली भिंतच काढून टाकली. उभ्या नळकांड्यात कोरडा झिओलाइट भरायचा आणि तळातून गरम पाणी थेट त्याच्यात सोडायचे. पाणी जिथे कोरड्या गोळ्यांना भेटते तिथे काही पाणी त्यांच्या अंगात जाते आणि गोळे तापतात. त्या तापाने उरलेले पाणी जागच्या जागी उकळते. वाफ वर निघते. वरचे गोळे अजून कोरडेच असतात, ते या वाफेचा काही भाग धरून आणखी तापतात आणि मागून येणारी वाफ त्या तापल्या थरातून जाताना अतितप्त होते. पाण्याची रेषा चढत जाते आणि तिच्या पुढे वाफेची लाट धावते. रेषा माथ्याला पोचली की फेरी संपली. पाणी खाली काढायचे, गरम कोरडी हवा किंवा धूर फुंकून गोळे सुकवायचे, पुन्हा सुरू. हाच तो डब्यातला खदखदणारा चुना, फक्त पुन्हा पुन्हा आणि थोड्या उबेवर सुकणारा.

इथे वाचकाशी चोख हिशेब केला पाहिजे. समजा एका किलो कोरड्या झिओलाइटने ८० अंशांचे २०० ग्रॅम पाणी धरले. पाणी आधीच द्रव आहे, म्हणून हाती येतो तो वरकड भाग: २०० किलोज्यूल किंवा थोडा अधिक. त्यातून गोळे आणि त्यांनी धरलेले पाणी १०० अंशांवर आणायला ३५ जातात. उरलेल्यात वाफ बनते ७० ग्रॅमच्या आसपास, तेही कुठे काही गळले नाही तर. म्हणजे टनभर झिओलाइट एका फेरीत ७० किलोहून कमी वाफ देतो. शिवाय १३० अंशांच्या हवेने झिओलाइट पुरता सुकत नाही. काही पाणी भिंतींना धरूनच राहते आणि पुढच्या फेरीची ताकद तेवढी घटते. वाफ काही मिनिटांत निघते, सुकवायला मात्र त्याहून बराच वेळ लागतो. म्हणून एका नळकांड्यावर भागत नाही; एक वाफ देत असताना दुसरे सुकत असावे लागते. या विषयातले खरे काम सुकवण्यात आहे. सुकवण्याचा वेळ निम्मा झाला तर यंत्राची किंमत जवळपास निम्मी होईल.

आणि कितीही चतुर यंत्र केले तरी एक छत वर आहेच. १८२४ मध्ये सादी कार्नो यांनी जे दाखवले त्यातून ते निघते. बाहेर ३० अंश, हाती ८० अंशांची ऊब आणि हवी १२० अंशांची वाफ, असे असेल तर निर्दोष यंत्रातही उबेच्या १०० भागांपैकी ६२ च वर चढतात. बाकीचे ३८ खाली, परिसरात, सोडावेच लागतात. त्यांच्या उतरण्याच्या जोरावरच हे चढतात. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी बाहेर ४५ अंश असतील तर ६२ चे ५२ होतात. खरे यंत्र याच्याही बरेच खाली राहते. हे ऐकून काही जण निराश होतात. मी होत नाही. आज त्या उबेतून वाफेच्या रूपाने परत येते ते शून्य आहे.

बाहेरच्या हवेचा आणखी एक मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. हवा तापवली म्हणून तिच्यातली वाफ कमी होत नाही. कोकणातल्या जुलैच्या एक किलो हवेत २० ग्रॅमच्या आसपास पाणी असते. ती १०० अंशांना तापवली तरी ते २० ग्रॅम आतच राहते आणि झिओलाइटला तितके कमी सुकवते. जानेवारीत घाटावरची हवा याच्या निम्म्याहूनही कोरडी. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम नेमका याच कोरड्या महिन्यांत येतो. थंडीच्या रात्री कारखान्याच्या स्प्रे पाँडवर उठणारे धुके ज्याने पाहिले आहे, त्याला मी काय म्हणतो ते लगेच समजेल: पॅनमधली वाफ कंडेन्सरमध्ये विरून कोमट पाणी होते आणि तळ्यावर कारंज्यांनी उडवून निववावे लागते.

तरीही माझे मत असे की साखर कारखाना हे या यंत्राचे पहिले ठिकाण नव्हे. स्प्रे पाँडची ऊब फार उतरलेली असते आणि जाळायला बगॅस घरचाच असतो. जिथे इंधन विकत घ्यावे लागते, वाफ थोड्या दाबाची पुरते आणि ७० ते १०० अंशांची स्वच्छ ऊब ठरलेल्या वेळी मिळते, अशी ठिकाणे आधी पाहावीत: इचलकरंजीची प्रोसेस हाउस, दूध संघांच्या डेअऱ्या, औषधांचे आणि रसायनांचे कारखाने. उष्णता हलवणाऱ्या यंत्रांची आपल्याला सवय नाही असेही नाही. लिथियम ब्रोमाइडच्या द्रावणावर चालणारी शोषणयंत्रे पुण्याची थरमॅक्स कंपनी बनवते. सिलिका जेलवर चालणारी, गार पाणी देणारी पृष्ठशोषण यंत्रे जपानमध्ये गेली काही दशके विकली जातात. म्युनिकच्या एका शाळेत १९९० च्या दशकात ७ टन झिओलाइट ठेवला होता. शहराच्या उष्णतेच्या जाळ्यावर तो रात्री सुकवत आणि दिवसा त्याच्यातून वर्ग उबदार ठेवत. त्या मानाने वाफ देणारे यंत्र अजून प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर आहे, हे मी लपवणार नाही. पदार्थ मात्र झपाट्याने पुढे जात आहेत. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या धातू-सेंद्रिय जाळ्यांसाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळाले, त्यांतली काही पाणी धरतात आणि झिओलाइटपेक्षा बरीच कमी ऊब घेऊन सोडतात. सहज सोडणारा पदार्थ धरतानाही कमी तापतो, ही अडचण तिथेही राहते. कुठे कोणता पदार्थ बरा, याची चर्चा सहाव्या प्रकरणात केली आहे.

हे पुस्तक मराठीत लिहिले, कारण वाफेचे ज्ञान ज्यांच्या हातात आहे ती माणसे मराठीत बोलतात. बॉयलर अटेंडंट, फिटर, पॅनमन यांना कोणत्या पाइपला हात लावता येतो आणि कोणत्याला नाही हे नकाशा न पाहता सांगता येते. मला या विषयातले बरेच काही त्यांनीच शिकवले.

त्यांना आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला एक विनंती आहे. पहिले प्रकरण उघडण्याआधी एक वही आणि एक थर्मामीटर घेऊन आपल्या कारखान्याच्या मागच्या बाजूला जा. प्रत्येक गरम नाला, प्रत्येक कूलर, प्रत्येक चिमणी यांच्यापुढे तीन आकडे लिहा: किती अंश, तासाला किती लिटर किंवा किलो, आणि दिवसातले किती तास. पुढची सगळी गणिते या तीन आकड्यांवर बेतलेली आहेत.